थंडरबर्ड उघडेना, 'ऑलरेडी रनिंग' म्हणतंय पण विंडो येत नाही

उद्यमबाग_हिशेब (बेळगाव)

ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड, म्हणजे मेलचा प्रोग्राम, उघडत नाही. विंडोज ७, ६४ बिट. थंडरबर्ड ११५. दोन खाती, दोन्ही कंपनीच्या डोमेनची, पॉप३ वर. एकावर पार्ट्यांचे कोटेशन आणि ड्रॉईंग येतात, दुसऱ्यावर जीएसटी आणि बँकेचं. सी ड्राईव्ह १२० जीबीची एसएसडी, डी ड्राईव्ह ५०० जीबीची साधी हार्डडिस्क.

काल पावसात लाईट गेली तेव्हा थंडरबर्ड चालू होतं. यूपीएसची बॅटरी उतरलेली आहे. लाईट आल्यावर आयकॉनवर डबल क्लिक केलं की निळं चक्र थोडं फिरतं आणि थांबतं, विंडो येत नाही. परत क्लिक केलं की 'थंडरबर्ड इज ऑलरेडी रनिंग, बट इज नॉट रिस्पॉन्डिंग' असा मेसेज. मशीन रीस्टार्ट केलं तरी तेच.

दुरुस्तीवाले म्हणतात फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकूया. २०१६ पासूनचे मेल यात आहेत. फॉरमॅटच्या आधी काही करता येईल का ओ?

टिळकवाडी_सिस्टीम

फॉरमॅट नको. पॉप३ आहे म्हणजे मेल उतरवून घेतले जातात. सर्व्हरवर प्रत ठेवायची सेटिंग असली तरी त्याला दिवसांची मुदत असते, बऱ्याच ठिकाणी १४ दिवस. २०१६ चे मेल फक्त तुमच्या सी ड्राईव्हवर आहेत, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. दुरुस्तीवाल्यांना आधी हे सांगा.

आता मेसेजबद्दल. त्याचा अर्थ एवढाच की प्रोफाईलचं फोल्डर (तुमचे मेल आणि सेटिंग असतात ते) थंडरबर्डला स्वतःच्या ताब्यात घेता आलं नाही. कारणं बहुतेक तीन असतात.

पहिलं, मागची प्रोसेस अजून जिवंत आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसेस टॅबमध्ये थंडरबर्ड.ईएक्सई शोधा. दिसली की लगेच मारू नका. व्ह्यू मेनूत सिलेक्ट कॉलम्समध्ये जाऊन 'आय/ओ रीड बाइट्स' आणि 'आय/ओ राईट बाइट्स' हे दोन कॉलम लावा. आकडे वाढत असतील तर ते काहीतरी वाचतंय किंवा लिहितंय, मोठा इनबॉक्स असेल तर चहा होईपर्यंत थांबा. आकडे जागचे हलत नसतील तर एंड प्रोसेस.

दुसरं, तेच प्रोफाईल शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोन मशीनवरून उघडणं. मालकांच्या केबिनमधून एक आणि ऑफिसमधून एक, असं बऱ्याच ठिकाणी केलेलं असतं. तसं चालत नाही, एका वेळी एकच.

तिसरं, फोल्डरमध्ये लिहिताच येत नाही. परवानगी गेली आहे, रीड ओन्ली झालंय, किंवा डिस्क भरली आहे.

नेटवर सगळीकडे 'पॅरेंट.लॉक फाईल उडवा' असं लिहिलेलं सापडेल. विंडोजवर ती फाईल नुसती पडून राहिल्याने काही अडत नाही, पुढच्या वेळी थंडरबर्ड तिच्यावरच परत लिहितं. ती कुणीतरी उघडून धरली असेल तरच अडतं. डिलीट करायला गेल्यावर 'फाईल इन यूज' आलं तर पहिलं कारण पक्कं समजा.

विंडोज १० आणि ११ वाल्यांसाठी: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन करून परत चालू करणं हे पूर्ण रीस्टार्ट नव्हे. मेनूतून रीस्टार्टच द्या. विंडोज ७ ला ही भानगड नाही.

सी ड्राईव्हवर किती जागा उरली आहे ते सांगा.

निपाणी_०९

एवढं कशाला. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करा, नवीन डाऊनलोड करून टाका. पाच मिनिटांचं काम.

खानापूर_नेट

निपाणीकर, विंडोज ७ आहे ओ. साईटवरून आजचं नवीन थंडरबर्ड उतरवलं तर ते तिथं बसणारच नाही. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी ११५ हीच शेवटची मालिका. अनइन्स्टॉल करून बसले आणि ११५ चा इन्स्टॉलर हाताशी नसला तर शोधत फिरा.

दुसरं म्हणजे प्रोग्राम आणि टपाल वेगळ्या जागी असतात. प्रोग्राम 'प्रोग्राम फाईल्स'मध्ये. मेल, खाती, पासवर्ड, ॲड्रेस बुक सगळं प्रोफाईलमध्ये. बिघाड प्रोफाईलमध्ये असेल तर दहा वेळा इन्स्टॉल केलं तरी नवीन प्रोग्राम तेच जुनं प्रोफाईल उघडणार आणि तिथंच अडकणार. आणि 'उरलेला कचरा साफ करा' म्हणणारी अनइन्स्टॉलर सॉफ्टवेअर वापरलीत तर प्रोफाईलही कचऱ्यात जाईल.

ताई, आधी प्रत काढा, मग बाकीचं. क्रम असा:

१. टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्ड नाही याची खात्री करा.

२. विंडोजचं बटण आणि आर दाबा. रन उघडलं की %ॲपडेटा% असं इंग्रजी अक्षरांत टाईप करून एंटर. कीबोर्ड कन्नड किंवा मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा, नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) चालू असेल तर बंद करा, नाहीतर विंडोज 'असं काही सापडत नाही' म्हणत बसेल.

३. तिथं 'थंडरबर्ड' नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खं डी ड्राईव्हवर कॉपी करा. कॉपी, कट नव्हे. आतलं फक्त 'प्रोफाईल्स' घेऊ नका, शेजारची प्रोफाईल्स.आयएनआय आणि इन्स्टॉल्स.आयएनआयही हवी.

पेनड्राईव्हवर घेणार असाल तर त्याचं फॉरमॅट बघा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाईलमध्ये ठेवतं, त्यामुळे इनबॉक्स सहज त्याच्या पुढे जातो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पाहिजे.

४. कॉपी झाली की दोन्ही फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि साईज व फाईलींची संख्या जुळते का बघा.

आता बिघाड कुठे आहे ते ठरवायचं. शिफ्ट दाबून धरा आणि आयकॉनवर डबल क्लिक करा, ट्रबलशूट मोडची विंडो येईपर्यंत शिफ्ट सोडू नका. त्यात ॲडऑन आणि ग्राफिक्सचं ॲक्सलरेशन बंद राहतं. असं उघडलं तर दोष ॲडऑनचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा.

नाही उघडलं तर रनमध्ये 'थंडरबर्ड', एक स्पेस, आडवी रेघ आणि पी, तेही इंग्रजीत. प्रोफाईल मॅनेजर येईल. 'क्रिएट प्रोफाईल' करून 'टेस्ट' नावाचं नवीन करा आणि तेच उघडून बघा. खातं वगैरे जोडू नका, विंडो येते का एवढंच बघायचं. नवीन प्रोफाईल उघडलं तर प्रोग्राम ठणठणीत, दोष जुन्या प्रोफाईलमध्ये किंवा ते ज्या डिस्कवर आहे तिच्यात. नवीनही उघडलं नाही तर प्रोग्राम, अँटीव्हायरस किंवा विंडोज.

त्या मॅनेजरमध्ये 'डिलीट प्रोफाईल' बटण आहे. ते दाबल्यावर 'डिलीट फाईल्स' आणि 'डोन्ट डिलीट फाईल्स' असं विचारतं. पहिलं दाबलं की त्या फोल्डरमध्ये जे काही असेल ते सगळं जातं, रिसायकल बिनमध्येही येत नाही. नवीन प्रोफाईल करताना 'चूज फोल्डर'मधून सरळ डी ड्राईव्ह किंवा डॉक्युमेंट्स निवडलेलं असेल आणि नंतर ते प्रोफाईल फाईलींसकट डिलीट केलं, तर तिथली टॅलीची बॅकअपसुद्धा त्याच्याबरोबर गेली म्हणून समजा. रिकामं फोल्डरच निवडायचं.

उद्यमबाग_हिशेब

प्रत काढली, दोन्हीकडे साईज सारखी आहे. थंडरबर्ड.ईएक्सई दिसत होती, आकडे हलत नव्हते म्हणून बंद केली. शिफ्ट धरून उघडत नाही. टेस्ट प्रोफाईलची विंडो आली, पण फार रेंगाळत.

सी ड्राईव्हवर ३८ एमबी उरले आहेत!

प्रोफाईलमध्ये मेल फोल्डरच्या आत कोटेशनच्या खात्याच्या फोल्डरमध्ये असं आहे: इनबॉक्स ९.२ जीबी, एनएसटीएमपी ८.६ जीबी, एनएसटीएमपी-१ ८.१ जीबी. हे एनएसटीएमपी काय आहे? अशा नावाचं फोल्डर थंडरबर्डमध्ये कधी दिसलं नाही. बाहेर प्रेफ्स.जेएसच्या शेजारी प्रेफ्स-१.जेएस, प्रेफ्स-२.जेएस अशाही फाईली आहेत.

टिळकवाडी_सिस्टीम

सापडलं. लाईट जायच्या आधी 'फोल्डर कॉम्पॅक्ट करून जागा वाचवायची का' असं विचारलं होतं का? आणि त्याच्या आधीही कधी कॉम्पॅक्ट चालू असताना लाईट गेली होती?

उद्यमबाग_हिशेब

होय, दोन्ही. ओके दिलं होतं. मागच्या महिन्यातही तसंच झालं होतं, पण तेव्हा परत उघडलं.

टिळकवाडी_सिस्टीम

मग गणित जुळतं. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला की तो इनबॉक्सच्या फाईलमधून लगेच जात नाही, त्याच्यावर फक्त 'गेला' अशी खूण पडते. कॉम्पॅक्ट म्हणजे राहिलेले मेल नवीन फाईलमध्ये उतरवायचे, उतरवून झाले की जुनी फाईल काढून नवीन तिच्या जागी ठेवायची. ती नवीन फाईल म्हणजे एनएसटीएमपी. काम मध्येच तुटलं तर जुना इनबॉक्स शाबूत राहतो आणि अर्धी एनएसटीएमपी तिथंच पडून राहते. पुढच्या वेळी ते नाव घेतलेलं असतं म्हणून एनएसटीएमपी-१.

सुरू करायच्या आधी जागा पुरेल का हे थंडरबर्ड बघतं, त्यामुळे पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा दोन्ही वेळा जागा होती. पण दोन अर्धवट प्रतींनी मिळून १६.७ जीबी खाल्ले आणि उरलेलं विंडोजच्या टेंप फाईलींनी संपवलं. १२० जीबीच्या एसएसडीवर विंडोजला दिसतात साधारण १११ जीबीच. जागा संपल्यावर थंडरबर्डला सुरू होताना आपल्या डेटाबेस फाईलींत लिहिता येत नाही, सेटिंगची फाईलही नीट जतन होत नाही. ती प्रेफ्स-१, प्रेफ्स-२ म्हणजे जतन करायचे फसलेले प्रयत्न.

म्हणजे वर लिहिलेलं तिसरं कारण. लाईट जाण्याचा संबंध आहे, पण आडून.

एनएसटीएमपी डिलीट करायच्या आधी इनबॉक्स खरंच पूर्ण आहे का ते बघा. तुमचा ९.२ जीबी आहे, दोन्ही एनएसटीएमपीपेक्षा मोठा, म्हणजे ठीक. कुणाकडे इनबॉक्स शून्य केबी आणि एनएसटीएमपी मोठी असं दिसलं तर हात लावू नका, तुमचं टपाल त्या एनएसटीएमपीमध्येच आहे. तिला 'इनबॉक्स-जुना' असं एक्स्टेन्शन नसलेलं नाव देऊन त्याच जागी ठेवलं की थंडरबर्ड तिला फोल्डर म्हणून दाखवतं.

आता जागा करा:

दोन्ही एनएसटीएमपी आणि त्यांच्याच नावाच्या .एमएसएफ (अनुक्रमणिकेच्या) फाईली असतील तर त्या, कट करून डी ड्राईव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये. सगळं सुरळीत झाल्यावर पुसा. यानेच १६.७ जीबी मोकळे होतील.

रनमध्ये %टेंप% देऊन आतलं सगळं डिलीट. काही फाईली 'इन यूज' म्हणतील, स्किप करा.

रनमध्ये %लोकलॲपडेटा%, आत थंडरबर्ड. तिथं फक्त कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाईली असतात, उडवल्या तरी चालतं. पण नीट बघा, ॲपडेटा आणि लोकलॲपडेटा यांत दिसायला एका शब्दाचा फरक. ॲपडेटामधलं उडवलं तर मेल गेले.

मशीन कधी हायबरनेट करत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, आडवी रेघ एच, स्पेस, ऑफ. विंडोज ७ हायबरनेटसाठी रॅमच्या ७५ टक्के जागा अडवून ठेवतं, ८ जीबी रॅम असेल तर ६ जीबी सुटतात.

मग रीस्टार्ट, आणि प्रोफाईल मॅनेजरमधून जुनं प्रोफाईल निवडून उघडा.

खानापूर_नेट

तरीही अडलं तर याच क्रमाने, थंडरबर्ड बंद ठेवून, एका वेळी एकच फाईल प्रोफाईलच्या बाहेर हलवायची आणि उघडून बघायचं: सेशन.जेसन, एक्सयूएलस्टोअर.जेसन, फोल्डरकॅश.जेसन, ग्लोबल-मेसेजेस-डीबी.एसक्यूलाईट. पहिल्या तिघांत विंडोची जागा, टॅब, फोल्डरची यादी असलं किरकोळ असतं. चौथी शोधाची अनुक्रमणिका, ती परत बनते, वेळ लागतो तेवढाच. मग इनबॉक्स.एमएसएफ. हीसुद्धा अनुक्रमणिकाच, मेल त्यात नसतात. ती गेली की कॉलमची मांडणी आणि सॉर्टिंग परत लावावं लागेल. ९ जीबीची नवीन बनताना विंडो 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवेल. तेव्हा फुलीवर क्लिक करायचं नाही.

ज्यांच्या नावापुढे .एमएसएफ किंवा दुसरं काही एक्स्टेन्शन नाही अशा फाईलींना हात लावू नका. टपाल त्यांतच असतं. की४.डीबी आणि लॉगिन्स.जेसन ही पासवर्डची जोडी आहे, एक ठेवून दुसरी हलवली तर पासवर्ड वाचता येत नाहीत.

वडगाव_लिनक्स

लिनक्सवर हाच मेसेज आला तर प्रोफाईलमध्ये 'लॉक' नावाची सिमलिंक (दुसरीकडे बोट दाखवणारी फाईल) आणि .पॅरेंटलॉक बघा. पीएस कमांड लावून थंडरबर्ड चालू नाही याची खात्री झाल्यावर दोन्ही काढल्या तरी चालतं. होम फोल्डर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल तर ही कटकट जास्त होते.

शहापूर_एव्ही

अँटीव्हायरसमध्ये प्रोफाईलचं फोल्डर स्कॅनमधून वगळा. एखाद्या मेलच्या अटॅचमेंटमध्ये व्हायरस सापडला तर अँटीव्हायरसला तो एक मेल दिसत नाही, अख्खी इनबॉक्स फाईल दिसते, आणि तो तीच उचलून क्वारंटाईनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद जागेत टाकतो. 'इनबॉक्स एका रात्रीत रिकामा झाला' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो क्वारंटाईनमधून रिस्टोअर करता आला आहे. अटॅचमेंट उघडताना ती टेंपमध्ये उतरते, तेव्हा स्कॅन होतेच, त्यामुळे वगळल्याने उघडं पडत नाही.

उद्यमबाग_हिशेब

उघडलं! एनएसटीएमपी हलवून टेंप साफ केल्यावर रीस्टार्ट केलं, जुनं प्रोफाईल सरळ उघडलं. २०१६ चे मेलही आहेत. इनबॉक्स उघडताना थोडा वेळ घेतला. बाकीच्या फाईली हलवायची गरज पडली नाही.

दोन गोष्टी. एक, परत तोच कॉम्पॅक्टचा प्रश्न येतोय, काय करू? दोन, मागच्या दोनेक आठवड्यांचे मेल परत उतरले, प्रत्येक मेल दोनदा दिसतोय.

टिळकवाडी_सिस्टीम

कॉम्पॅक्टला आत्ता 'नंतर' म्हणा. आधी प्रोफाईल डी वर न्या, सी वर इनबॉक्सएवढी जागा कायम मोकळी ठेवणं तुम्हाला झेपणार नाही. थंडरबर्ड बंद करून प्रोफाईलचं फोल्डर, म्हणजे 'प्रोफाईल्स'च्या आतलं यादृच्छिक अक्षरांचं जे आहे ते, डी वर 'मेल-प्रोफाईल' अशा नवीन फोल्डरात कॉपी करा. प्रोफाईल मॅनेजरमध्ये क्रिएट, चूज फोल्डरमध्ये ते निवडा, नाव द्या, त्यावरून सुरू करा. इथं भरलेलं फोल्डर निवडतोय ते मुद्दाम, कारण त्यात फक्त प्रोफाईलच आहे. साधी हार्डडिस्क असल्याने उघडायला थोडं हळू वाटेल. एक आठवडा नीट चालल्यावर सी वरचं काढा. आणि परवा काढलेली प्रत मोडू नका, शक्य असेल तर ती बाहेरच्या डिस्कवर न्या. डी त्याच मशीनमध्ये आहे, वीज पडली तर दोन्ही जातील.

मग इनबॉक्स फोडा. लोकल फोल्डर्समध्ये आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर करा, २०१६-१७, २०१७-१८ असे, आणि तारखेने सॉर्ट करून मेल हलवा. एका वेळी हजारभर, सगळे एकदम ओढू नका. कॅलेंडर वर्ष चालत असेल तर अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स'खाली आर्काईव्हचे ऑप्शन आहेत, तिथं वार्षिक निवडून मेल सिलेक्ट करून ए दाबलं की ते आपोआप त्या-त्या वर्षात जातात. जीएसटीसाठी मात्र मार्चअखेरच सोयीचा. एकेक फाईल ४ जीबीच्या आत राहील असं बघा, म्हणजे पेनड्राईव्हचीही अडचण नाही. हलवून झालं की इनबॉक्सवर राईट क्लिक करून कॉम्पॅक्ट. इनबॉक्स लहान झाल्यावर ते मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं.

यूपीएसची बॅटरी बदला. बहुतेक लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बसते. पावसाळा संपेपर्यंत थांबू नका.

खानापूर_नेट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पॉपस्टेट.डॅट. कुठले मेल आधी उतरवले याची नोंद प्रत्येक पॉप खात्याच्या फोल्डरमध्ये या फाईलीत असते. डिस्क भरलेली असताना ती रिकामी झाली असणार, त्यामुळे सर्व्हरवर मुदतीत असलेले सगळे मेल थंडरबर्डला नवीन वाटले. आता ती परत भरली आहे, पुन्हा तसं होणार नाही. डुप्लिकेट काढायला सब्जेक्टने सॉर्ट करा, दोन-दोन शेजारी येतील. कोटेशनच्या खात्यावर मात्र डिलीट करायच्या आधी 'ऑर्डर रिसीव्हड' कॉलमही लावा. नंतर उतरलेली प्रत कुठली ते त्यावरून कळतं, आणि तुम्ही उत्तर दिल्याची किंवा तारा लावल्याची खूण पहिल्या प्रतीवरच असते. दुसरी काढा.